मागच्या खोलीची फरशी

प्रिय दादा,

आजकाल कोण पत्र लिहितं, असं म्हणून पल्लवी वहिनी हसेल. हसू दे, पण हे तू एकट्यानं वाच. फोन मी चारदा हातात घेतला आणि चारही वेळा ‘जेवलास का’च्या पुढे गेले नाही. आप्पांना जाऊन परवा दोन महिने झाले. त्या दिवशी तू फाटकापाशीच उभा राहिलास. आई आत चल म्हणाली, तेव्हा तिला म्हणालास, “जिवंतपणी नको होतो त्यांना, आता कशाला?” आणि द्वारका चौकातून चाकणची गाडी धरून परत निघून गेलास. जलदान विधीलाही आला नाहीस. आई ते वाक्य कधी काढत नाही, पण भाकरी थापताना तिचा हात मधेच थांबतो आणि ती दाराकडे बघते, तेव्हा ती काय ऐकतेय ते मला कळतं. त्या वाक्याचं उत्तर माझ्याकडे आहे. ते सांगायला मला संडासापासून सुरुवात करावी लागेल. चिडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

तुला कळू दिलं नाही, पण गेल्या जुलैपासून आपला संडास तुंबत होता. जूनमध्ये आप्पांना झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि महिन्याभरात हे सुरू झालं. आधी भांड्याच्या तळातून पोट गुडगुडल्यासारखा आवाज यायचा. मग पाणी वर चढायचं, काठापाशी येऊन थबकायचं, आणि आपण श्वास रोखून बघत असतानाच न्हाणीच्या जाळीतून काळं पाणी बाहेर यायचं. आई विटा लावून ते स्वयंपाकघराकडे येऊ द्यायची नाही. आम्ही दोघी शेजारी नवसाबाईंकडे जायचो. पहिल्या आठवड्यात त्या ‘या गं’ म्हणायच्या. तिसऱ्या महिन्यात दार उघडता उघडता म्हणाल्या, काय बाई, घरात पदवी आली आणि संडास गेला का? आई हसली. घरी येऊन मात्र त्या दिवशी ती पाणीच कमी प्यायली, आणि नंतर तिला तीच सवय लागली. तुला सांगूया असं मी म्हटलं, तर म्हणाली, घर सोडून गेलेल्या लेकाला घरातली घाण कशाला दाखवायची.

मी माझ्या परीनं लढले. तुला माहीत आहे मी कशी लढते. महापालिकेला तीन अर्ज केले, नागरिकांचा हक्क, आरोग्य, सगळं लिहिलं. एक साहेब येऊनही गेले. बाहेरची लाइन मोकळी आहे, दोष तुमच्या घरातच कुठेतरी आहे, असं त्यांनी नीट समजावलं. मला ते पटलं नाही. मी चौथा अर्ज लिहायला बसले. दर बारा-पंधरा दिवसांनी फकिराचाचा यायचे, तेच, हार्डवेअरच्या दुकानापाशी बसणारे प्लंबर. भांड्यातून स्प्रिंग घालायचे, पाणी उतरायचं, पुन्हा तुंबायचं. प्रत्येक वेळी एकच विचारायचे, चेंबर कुठंय, मैल्याची लाइन साफ करायचं झाकण? मागची खोली बांधली तेव्हा चेंबर बाहेर गल्लीत काढलं, असं आप्पांनी सांगितलेलं आईला पक्कं आठवत होतं. चाचांनी गल्लीतलं झाकण उघडलं, तर ते नवसाबाईंच्या लाइनीचं निघालं. मग ते म्हणाले, “बेटा, चेंबर नसलेल्या घराची नाडी कुठं बघू मी?”

आता आप्पांबद्दल. त्यांना सगळं समजत होतं दादा, एवढं आधी लक्षात घे. फक्त बाहेर काही येत नव्हतं. अक्षरंसुद्धा वाचेबरोबर गेली होती. डावा हात हलायचा, आणि घशातून एकच आवाज, ‘हं-आ’. त्या आवाजाचे अर्थ मी लावायचे. पाणी, कूस बदला, टीव्ही बंद करा. डॉक्टरांना, नातेवाइकांना, आईलासुद्धा मीच सांगायचे की आप्पा काय म्हणतात. सगळे म्हणायचे, पोरगी शिकली म्हणून बापाला जीभ मिळाली. मला ते आवडायचं.

संडासातून गुडगुड सुरू झाली की आप्पा अस्वस्थ व्हायचे. काठी फरशीवर आपटायचे. मग खाटेवरून घसरत, डाव्या हातानं स्वतःला ओढत मागच्या, माझ्या खोलीत यायचे, टेबलाखाली जमिनीवर आडवे व्हायचे आणि फरशीवर नखं घासायचे. आई त्यांना उठवताना रडायची. नवसाबाई म्हणाल्या, लेकीच्या खोलीत जीव अडकलाय त्यांचा. मीही तेच धरलं. मला वाटलं, त्यांना माझ्या पुस्तकांपाशी राहायचंय. मी त्यांच्या डोक्याखाली उशी द्यायचे आणि शेजारी बसून वाचून दाखवायचे. ते डोळे मिटून घ्यायचे. मी समजायचे, ऐकतायत. सप्टेंबरमध्ये त्यांचं एक नख मुळापासून निघालं. तेव्हा मी आणि आईनं मिळून टेबल हलवलं आणि पुस्तकांचं लोखंडी कपाट सरकवून बरोबर त्या जागेवर ठेवलं. ते खाटेवरून बघत होते. त्यानंतर ते खोलीत आले नाहीत. काठी मात्र आपटत राहिले.

जानेवारीत ते गेले. मागच्या रविवारी कपाटाच्या खालच्या कप्प्यातली पुस्तकं ओली लागली, म्हणून कपाट हलवलं. खाली ओल होती. एका फरशीच्या फटींमध्ये सिमेंट नव्हतं दादा. लाल साबण होता. अंघोळीच्या साबणाचे तुकडे बोटानं दाबून चारही बाजूंनी बसवलेले, वास येऊ नये म्हणून. साबण भिजून सुटत आला होता. पळीच्या दांड्यानं फरशी उचलली गेली. खाली झाकण, आणि झाकणाच्या काठावर ओल्या सिमेंटमध्ये कोरलेलं तुझं अक्षर: ‘संघर्ष मिस्त्री, ५ मे’. आम्ही दोघी मामाकडे आठ दिवस गेलो होतो, तेव्हा तुम्ही बापलेकांनी ती खोली उभी केलीत. परत आल्यावर आप्पांनी माझे डोळे झाकून मला आत नेलं होतं आणि तू मागून ‘या बॅरिस्टरीणबाई’ म्हणाला होतास. मी दहावी, बारावी, बीए, सगळं त्या झाकणावर बसून केलं. मला सांगायचं नाही, असं आप्पांनी तुला बजावलं असणार. कळलं तर ती तिथं अभ्यासाला बसणार नाही, असं काहीतरी. तू आपल्या एवढ्या भांडणातही ते तोंडातून काढलं नाहीस. लग्नानंतर तू आणि वहिनी पुढच्या खोलीत पडदा लावून राहिलात, आणि एक दिवस तू ती खोली मागितलीस, अन् आप्पा नाही म्हणाले आणि तू घर सोडलंस, तेव्हाही नाही.

फकिराचाचांनी आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, उतार उलटा पडलाय, इथं गाळ साचणारच, कुणीतरी महिन्याच्या महिन्याला साफ करत असणार. आईनं माझ्याकडे पाहिलं. रविवारी आपण सगळे विहारात वंदनेला जायचो आणि महिन्यातून एकदा आप्पा ‘तुम्ही व्हा पुढं’ म्हणायचे. वंदना संपता संपता पांढऱ्या कपड्यात, ओल्या केसांनी, साबणाचा वास घेऊन यायचे. आई टोमणा मारायची, कामावरची ओझरची बस कधी चुकली नाही, बुद्धालाच तेवढा उशीर. चाचांनी बांबूची पट्टी घातली. दहा मिनिटांत सगळं वाहून गेलं. आईनं संडासात जाऊन एकापाठोपाठ पाच बादल्या ओतल्या. मग उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, “एवढंच सांगत होते का गं ते?”

पाणी आता नीट जातं. तरी सकाळी मी कॉलेजच्या फॉर्मवर वाकलेली असते आणि मला गुडगुड ऐकू येते. धावत जाऊन बघते, तर भांडं कोरडं. वळते तर काठीचा आवाज. आईला सांगितलं नाही. तिलाही येत असेल.

आता ज्याच्यासाठी बसले ते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला वहिनीनं व्हिडिओ कॉल लावला होता, आठवतं? तू दीड वर्षानं आप्पांसमोर आला होतास. त्या सकाळी संडास तुंबलेला होता, आई पलीकडे पाणी उपसत होती. तुला पाहिल्याबरोबर आप्पांनी काठी तीनदा फरशीवर आपटली, तुझ्याकडे बोट केलं, मग हात जोरानं माझ्या खोलीकडे फेकला, आणि पुन्हा तुझ्याकडे बोट. तू घाबरून विचारलंस, पायल, काय म्हणतायत ते? मी म्हणाले, “दादा, ते म्हणतायत, इथं येऊ नकोस.” तू फोन ठेवलास. त्याआधी आप्पांनी वळून माझ्याकडे पाहिलं होतं. ते मान हलवत होते, नाही, नाही अशी. मी ती पाहिली आणि फोन दुसरीकडे फिरवला. मला खरंच तसं वाटलं होतं, का तू आलास तर खोली पुन्हा मागशील म्हणून तसं वाटून घेणं मला सोयीचं होतं, हे मी रोज स्वतःला विचारते, आणि उत्तर रोज वेगळं येत नाही. फरशीखाली काय आहे ते घरात त्यांच्याखेरीज फक्त तुला माहीत होतं. ते तुला सांगत होते, ह्यांना सांग. आप्पांनी तुला कधीच नको म्हटलं नाही दादा. नको म्हणाले ती मी.

तुझीच,
पायल