पोकळ मुठीची सुरी

बाबा, तुमचा नातू आज बोटीवर गेला. खलाशी म्हणून. तुम्ही त्याला पाहिलंच नाही, पण मी त्याला पोटात असल्यापासून सांगत आले की पोरा, काहीही कर, फक्त पाण्यावर पोट भरू नकोस. कंपनीतलं काम सुटलं, कितीतरी दिवस घरात बसून मोबाईल चोळत राहिला आणि मग परस्पर बोट चालवणाऱ्या तांडेलाशी बोलून आला. मला कळलं तेव्हा सगळं ठरून गेलं होतं. नवरा म्हणाला, जाऊ दे. जाऊ दे म्हणायला त्याचं काय जातंय! सगळी उमर ट्रक चालवला, त्याला पाणी फक्त रेडिएटरमध्ये घालायचं माहीत.

दुपारी कुरियरवाला त्याने मागवलेला खोका देऊन गेला. आत सुरी. संकटात जीव वाचवणारी म्हणे. पातं काळं, पाठीला करवतीचे दात, टोक दाभणासारखं. मुठीचं बूड फिरवलं की झाकण उघडतं आणि आत काड्या, दोरा, दोन गळ. जाळी टाकणाऱ्या बोटीवर गळ! मला हसूच फुटलं. तो मात्र नवीन बूट आणल्यासारखा खूश. सुरी माझ्या हातात देऊन म्हणाला, "आई, आजोबा बघायचे तशी बघ ना. तू सांगतेस ना नेहमी."

मग मला आपलं जुनं स्वयंपाकघर आठवलं. पावसाळा सरून बोटी निघायच्या आदल्या दिवशी सगळे खलाशी आपापली सुरी घेऊन आपल्याकडे येतात. आई बोंबील साफ करत बसलीय. तुम्ही तिच्या शेजारी पाटावर. तुम्ही आधी पात्याकडे बघतच नाही, आधी म्यान. म्यान कमरेला लावता, डावा हात आईच्या त्या बुळबुळीत पाण्यात बुडवता, डोळे मिटता आणि सुरी ओढता. आई ओरडते, "माझं कालवण होऊ द्या आधी, मग घ्या काय ती परीक्षा!" एका ओढीत निघाली नाही तर सुरी परत. मग म्यान उलटं धरून गदागदा हलवायचं, त्यातून आपोआप पडली तरीही परत. एकदा एकाने पितळी मुठीची, झोकदार आणली होती. ती काही निघेना. तो म्हणाला, "तांडेल, हात सुका असला की निघते." तुम्ही म्हणालात, "दोर पायात पडंल तवा हात उन्हात वाळत घालशील काय रं?" सगळे हसले, तो लालबुंद झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे नवं म्यान शिवून घेऊन दारात उभा होता. त्याला हसणाऱ्यांत मीही होते, पण जाळ्याबरोबर सुटलेला दोर माणसाला कसा ओढून नेतो हे तेव्हा मला कुठे ठाऊक होतं.

आज घरात बोंबील नव्हते, कोलंबी होती. तिच्याच पाण्यात डावा हात घातला. म्यान प्लॅस्टिकचं आणि त्याला वरून पट्टा, पट्ट्याला टिचबटण. बटण ओल्या बोटांतून निसटतंय, निसटतंय, शेवटी माझं नख मोडलं. पट्टा सोडून म्यान उलटं केलं तर सुरी सरळ जमिनीवर. उचलून मूठ पाट्यावर आपटली, आवाज डब्यासारखा. मुठीत काडेपेटी भरायची म्हटल्यावर पातं आत जाणार किती? जेमतेम पेरभर. ओला दोर हिने जोर लावून कापायला पोरगा गेला तर मूठ त्याच्या हातात आणि पातं समुद्रात.

"नाय चालायची," मी म्हटलं.

"अगं, लोकांनी किती चांगली म्हटलीय हिला. वाच तरी."

"लोकांनी कांदे कापले असतील."

"बोटीवर दुसऱ्या सुऱ्या असतात गं."

"असतात, पेटीत. पाय ओढला जाताना पेटी उघडायला कोण जाणार, तुझा बाप?"

तो वैतागला. म्हणाला, "मग आजोबांची दे. तीच लावतो."

बाबा, ती आता कुठून देऊ? आपल्या घरात तांडेल गेला की त्याची सुरी ठेवत नाहीत. तुमच्या तेराव्याला आई आणि मी खाडीवर गेलो आणि ओहोटीच्या पाण्यात ती म्यानासकट सोडली. तेव्हा वाटलं, त्यांची वस्तू त्यांच्याबरोबर गेली, बरं झालं. आज जीव नुसता तळमळला. तुम्हाला तिकडे तिचा काय उपयोग हो? शेजारी मागायला गेले, तर त्यांच्या सुऱ्या त्यांच्या माणसांच्या कमरेला, पाण्यावर. अलिबागला जाऊन आणते म्हटलं, तर भरती लागली होती, बोट निघायच्या तयारीत रेवसच्या धक्क्याला उभी. शेवटी माझी मासळीची सुरी फडक्यात गुंडाळून त्याच्या पिशवीत घातली. ती त्याने काढून ओट्यावर ठेवली. "हसतील सगळे, आई."

ती अजून ओट्यावरच आहे. मी तिच्याशेजारी हा कागद घेऊन बसलेय. लिहून काय होणार? पाठवणार कुठे? पण बोलायचं तर दुसरं आहे कोण! बोट आता रेंजच्या बाहेर गेली असेल. फोन लावते, बाई तेच तेच बोलते.

निघताना तो दारात थांबला. काळी सुरी कमरेला, शर्ट वर करून मला दाखवली. पण चेहरा उतरला होता. घाबरला होता हो माझा पोरगा, आणि घाबरलोय हे त्याला म्हणता येत नव्हतं. हळूच म्हणाला, "आजोबांनी खरंच परत दिली असती का गं?" खालून कोणीतरी त्याला हाक मारत होतं. नाही म्हटलं असतं तरी तो जाणारच होता, नुसती धास्ती घेऊन गेला असता. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "नाय रे. मीच उगाच खोड काढली. आजोबांनी पसंत केली असती." त्याचा चेहरा एकदम खुलला.

बाबा, मी तुमच्या तोंडी खोटं घातलं. आणि तुमचा शब्द म्हणून तो त्यावर विसंबून गेलाय.