कोंबलेला कडबा

म्हसवड,
८ डिसेंबर २०२५

प्रिय अंके,

सप्रेम नमस्कार. इकडं सगळी बरी आहेत, दोन्ही म्हशी दुभत्या आहेत. फोनवर बोलले तर भांडेन, म्हणून हे वीरधवल भाऊजींच्या हाती खंडाळ्याला तुझ्या लॅबवर पाठवतेय.

पेपरातला तुझा फोटो बघितला. ‘सेन्सरशिवाय चालणारी कडबाकुट्टीची मोटर: सांगलीच्या अंकिताची कमाल.’ अंकिताची! अगं, कॉलेजात प्रोजेक्ट दोघींचा होता. मोटर कुठवर फिरली ते सांगणारा सेन्सर धुळीनं मरतोय तर तो काढूनच टाकू, हे बोललं कोण? माझं लग्न झालं म्हणून माझं नावच गळालं होय? सासूबाईंनी तो फोटो कौतुकानं फ्रिजवर चिकटवलाय. दूध घ्यायला गेलं की तुझे दात दिसतात. लय जळते मी, अंके. लपवून काय करू?

आता मशीनचं. चाचणीला माझ्याकडं पाठवलीस आणि ‘कशी चालतीय?’ विचारलंस, तेव्हा मी ‘झकास’ म्हणाले. खोटं बोलले. पहिल्या दिवसापासून ती नुसती गुरगुरायची आणि बंद पडायची.

तुम्ही लॅबमध्ये रिकामी सुरू करता. इथं सासूबाई आधी तिच्या तोंडात कडबा कोंबतात, मग बटण दाबतात. मी म्हटलं, “आत्याबाई, आधी चालू करू.” तर म्हणाल्या, “रिकामी कशापायी फिरवायची? लाइट काय फुकट येती व्हय?” सगळ्या गावाची हीच रीत. मोटर फिरायला लागली की तिच्यातच थोडी वीज तयार होते, त्यावरून तिला चालवणाऱ्या कंट्रोलरला कळतं ती कुठवर फिरली. कडब्यानं अडून जागची हललीच नाही तर तो आंधळा. फिरली असेल म्हणून रेटत राहतो बिचारा.

रविवारी डेअरीचे चेअरमन नानासो गावासमोर मशीन बघणार. पसंत पडली तर ऑर्डर, नाहीतर तुझा प्रोजेक्ट बंद. मी गप्प बसणार होते. तुला तोंडावर आपटताना बघायचं होतं मला.

पण राहवलं नाही. काल जुन्या लॅपटॉपवर प्रोग्राम बदलला. आता कडबा कोंबला तरी मशीन सुरू होते. सासूबाई तिला म्हणाल्या, “आता कशी शहाणी झाली!”

काय बदललं ते इथं लिहीत नाही. हवं असेल तर ये, आणि रविवारी चारचौघांत माझं नाव घे. नाही आलीस तर जुना प्रोग्राम परत टाकीन आणि सगळ्यांत पुढं उभी राहून बघीन.

तुझीच (अजून आहे, म्हणून तर जळते),
रेश्मा