सुनीचं कॉलेज आन् माझी जीभ

१९ नोव्हेंबर २००७, सोमवार

आज सुनी आली. एकटी न्हाई, कॉलेजातल्या मॅडमला घेऊन आली, आन् मॅडम सरळ माझ्या पाया पडल्या. मी म्हनलं, अवो बाई, तुमी शिकलेल्या, असं करू नका. तर म्हनत्यात, "आजी, या वर्षापासून तुम्हीसुद्धा आमच्या शिक्षिका." मी दुसरीत शाळा सोडलेली. पुढं साक्षरतेच्या वर्गात अक्षरं पक्की केली तेवढीच.

सुनी माझ्या थोरल्या ल्योकाची. पुन्यात शास्त्राच्या शेवटच्या वर्साला हाय, आमच्या वाडीतनं पयली. त्यांच्यात नवा विषय निघालाय. निम्मा पुस्तकातला, निम्मा रानातला. मॅ. नी (मॅडम लिवायला लांब पडतं, मॅ. लिवते) जिमिनीवर काटकीनं रेघ वडून दावलं. रेघंच्या ह्या अंगाला यंत्र काय म्हनतं ते लिवायचं, त्या अंगाला म्हातारी काय म्हनती ते. एकाचं पुसून दुसऱ्याचं लिवायचं न्हाई. मार्क दोन्हीला.

ह्या वर्सी कडू कंद शिकायचा हाय. माझं नाव सुनीनं सांगितलं. शेळीनं मॅ. च्या ओढनीचं टोक खाल्लं तरी हसत हुत्या. बाई चांगली हाय.

आनंदानं जेवन गेलं न्हाई. ही वही बी सुनीनं दिली, रोज लिव म्हनली. बघू.

२५ नोव्हेंबर, रविवार

दोन जीपा भरून पोरंपोरी आली. एक नागपूरकडची पोरगी लई बोलकी. सारखं "आजी, असं काऊन करता?" आमी काऊन म्हंजे का, हे कळंपर्यंत अर्धा डोंगर चढलो.

वेल वाळलाय, आता कंद पक्का. कुटं खांदायचा, कुटं बी सोडायचं, सगळं दावलं. मंग साल काढून काप केलं, राखंच्या पान्यात शिजवलं, टोपलीत भरून टोपली वड्याच्या धारंला बांधली. वाहतं पानी पायजे, साचलेलं चालत न्हाई. पान्यासंगं कडूपना जातो. कडूपना म्हंजेच इख.

मंग मॅ. नी इचारलं, गेला हे कसं कळतं? म्हनलं, जिभंनं. घरातली थोरली बाई काप जिभंला लावती आन् हां म्हनती. तिनं हां म्हनल्याबिगर कुनी, लेकरानंबी, हात लावायचा न्हाई. आन् थोरली जिती हाय तवर धाकटीनं जिभंला लावायचं न्हाई. लावलं म्हंजे थोरली मेली असं हुतं. सासू हुती तवर मी कदी लावलं न्हाई. ती गेली त्या सालापासून मी लावते. मॅ. नी सगळं लिवून घेतलं. नागपूरची म्हनली, म्हंजे आजी, तुमी आमचं यंत्र. सगळी हसली, मीबी हसले.

पुढल्या रविवारी चाखायचं.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

काय लिवू.

हौसा, माझी धाकटी जाऊ, वाटीभर भाजी घेऊन आली. मी भाकरीसंगं खाल्ली, म्हनलं पडवळ झ्याक झालंय गं. तिनं माझ्याकडं बघितलं. "आक्का, कारलं हाय. मीठबी चोळलं न्हाई, आमच्या पोरांनी ताटं सारली."

मी हसन्यावारी नेलं. म्हनलं, तुझी चेष्टा केली.

ती गेल्यावर लिंबाचा पाला तोडला, चावला. काय न्हाई. गवत चावल्यावानी. परत चावला. मीठ लागतंय, गुळाचा खडा जरा लागतोय. कडू कुटंच न्हाई.

श्रावनात ताप आलता तवापासनं जेवान मातीवानी लागत हुतं. म्हनलं वय झालं. हे असलं ध्यानातच आलं न्हाई.

मी बारकी असताना खालच्या घरात कंद लवकर काढला हुता. सारं घर वकत पडलं हुतं आन् अंगावरची पोर ऱ्हायली न्हाई. तिची आई पुढं कंदाचा वेल दिसला तरी वाट सोडून जायची.

रविवारी पंधरा-वीस लेकरं येनार. दुसऱ्यांची. आन् सुनी.

२ डिसेंबर, रविवार

रातभर डोळ्याला डोळा न्हाई. पोरं आली, टोपली काढली. मॅ. नी काप माझ्या हातात दिला. सगळी गोल करून उभी. सुनी पुढंच, तोंड असं फुललेलं, जनू मी किर्तनाला उभी हाय.

जिभंला लावला. काय न्हाई. पान्यात भिजलेलं लाकूड.

म्हनलं, "आजून कडू हाय. ठिवा."

दुसरं काय म्हननार. न्हाई म्हनल्यानं कुनी मरत न्हाई. मॅ. नी थोडं काप डबीत भरून यंत्रासाठी नेलं. जाताना सुनी कानात म्हनली, "आजी, कसली भारी दिसत हुतीस." मला रडू आलं, तिला वाटलं आनंदाचं.

९ डिसेंबर, रविवार

यंत्रानं सांगितलं, कडूपना जवळजवळ गेलाय, खायला हरकत न्हाई. मॅ. नी ते लिवलं आन् काप माझ्या म्होरं धरला. आता काय म्हनू? यंत्र हां म्हनतंय. पर यंत्रानं बघितलेलं काप निराळं, हातातलं निराळं, टोपलीच्या बुडातलं आनिक निराळं. एका टोपलीत दोन तऱ्हा असत्यात, सासू सांगायची.

म्हनलं, ठिवा.

वाटलं मॅ. रागावत्याल. तर बाईच्या डोळ्यात पानी. पोरांना म्हनल्या, "बघा. यंत्र जिथे थांबतं तिथून पुढे आजींची जीभ सुरू होते. हे लिहून घ्या." सगळ्यांनी लिवून घेतलं. एवढ्या पेनांचा आवाज मी कदी ऐकला न्हवता, उंदरावानी.

जीपा जाईस्तवर चुलीम्होरं बसून ऱ्हायले.

१३ डिसेंबर, गुरुवार

हौसा वड्यावर धुनं धूत हुती. म्हनली, "आक्का, त्या टोपलीत कंद हाय का चोथा? मासंबी तोंड लावंना झालेत."

म्हनलं, कॉलेजचा अभ्यास हाय, तुला कळायचा न्हाई.

"मला न्हाईच कळत. कारल्याचं पडवळ होतं तेबी कळलं न्हाई मला."

तिच्या तोंडाकडं बघितलं न्हाई. तिला कळलंय. सांगायची न्हाई कुनाला, तशी न्हाई ती, पर मला तासून काढंल. टोपली सोडून सगळं कंद खड्ड्यात पुरलं. सांगितलं, नासला.

थोरल्याचा निरोप, भूकुमला नव्या बिल्डिंगांचं काम जोरात हाय, सनाला येतो. शेळी गाभन. बरं झालं. दुसरं लिवायला गेलं की हात परत कंदाकडंच येतो.

२१ डिसेंबर, शुक्रवार

सुनी धावत आली, पायऱ्यांवरनंच बोलत. संक्रांतीच्या आदल्या शनिवारी कॉलेजात मोठा मेळावा. बाहेरगावचे प्राध्यापक येनार, ह्या विषयाला पुढं चालू ठिवायचं का बंद करायचं ते ठरवनार. सुनी वाचनार. काय वाचनार, तर त्या दिवसाचं. यंत्र थांबतं आन् आजीची जीभ सुरू हुती, ते. मॅ. नी तेच पयलं ठिवलंय.

"आन् आजी, तू स्टेजवर. नव्या कंदाचा काप जिभंला लावायचा, हां म्हनायचं, मंग सगळी खानार. पाव्हनंबी."

म्हनलं, यंत्राला दावनार न्हवं आदी?

"त्याला आठवडा लागतो गं. ताजा कंद हाय. तवर शिळा हुईल. तू हायेस की."

तू हायेस की. पोरगी हे इतक्या इस्वासानं म्हनती, जनू म्हनावं सूर्य हाय की. आता न्हाई म्हनून भागायचं न्हाई. न्हाई म्हनलं तर पोरीचा कारेक्रम पडतो, विषय बंद. हां म्हनलं तर

ऱ्हाऊ दे.

४ जानेवारी २००८, शुक्रवार

पौडाला डाक्टरकडं गेले. घरी सांगितलं गुडघं दुखत्यात. यस्टीत एक ऑफिसवाली बाई शेजारी बसली, नांदेडकडची, मोबाईलवर नवऱ्यासंगं गॅसच्या नळीवरनं भांडत हुती. ऐकता ऐकता माझा थांबा निघून गेला, परत चालत आले.

डाक्टर पोरगाच हाय. जीभ बघितली, बॅटरी मारली. म्हनला, तापानंतर चव जाते कधी कधी, येईल किंवा नाही येणार. म्हनलं, पुढल्या शनिवारपर्यंत यील का? तर हसला. वाटलं असंल म्हातारीला कुनाच्या तरी लग्नाचं जेवायचं हाय. लाल औशीद दिलं. हौसा म्हनती लई कडू हाय ते. मला ठावं न्हाई.

१० जानेवारी, गुरुवार

नवा कंद खांदला, दोनच राती मिळत्यात म्हनून काप पातळ केलं. पलीकडल्या टेकाडाचा, हिकडला सरलाय. तिकडला जास्त कडू, जुनी मानसं म्हनायची. आन् वड्याला पानी लई कमी. वर रस्त्यासाठी खोदलंय, कुनी म्हनतं त्यानं, कुनी म्हनतं दरसाल हुतं. धार मनगटाएवढी. टोपली निम्मी वर उघडी ऱ्हाती. दगड ठिवून दाबली, पर बुडाला धार नीट पोचत न्हाई.

टोपली बांधताना दोरीची गाठ दोनदा सुटली. सुनी म्हनली, आजी, थंडी वाजतीया का? शाल आनली.

११ जानेवारी, शुक्रवार

सांगितलं.

दुपारी सुनी उद्याचं वाचून दावत हुती, उभी ऱ्हाऊन, एक हात मागं. "यंत्र जिथं थांबतं" इथं आली आन् माझ्या तोंडातनं निघालं, "सुने, मला कडू लागत न्हाई."

"म्हंजे गेलाय की मंग कडूपना."

"तसं न्हाई. मला कायच कडू लागत न्हाई. श्रावनापासनं."

कागद हातात तसाच. मंग म्हनली, "ते दोन रविवार?"

म्हनलं, भ्याले. न्हाई म्हनलं की कुनी मरत न्हाई म्हनून न्हाई म्हनले.

वरडली असती तर बरं झालं असतं. वरडली न्हाई. म्हनली, "मॅडमनं ते लिवून पुढं धाडलंय आजी. माझ्या नावानं." मंग मोबाईल घेऊन टेकावर गेली, तितंच रेंज येती. लई येळ उभी हुती. खाली आल्यावर म्हनली, फोन लागला न्हाई. लागला न्हाई का लावला न्हाई, मी इचारलं न्हाई.

सांजच्याला हौसाकडं गेले. म्हनलं, उद्या माझ्याऐवजी तू लाव जिभंला.

"तू मेली न्हाईस आजून," म्हनली. पान्याचा तांब्या दिला, पाठीवरनं हात फिरवला. "आन् मला तरी कुटं शिकिवलंस, आक्का. सासूबाई गेल्यापासनं तूच लावतीस. मला कडू कळतं. किती कडू चालतं ते न्हाई कळत."

हे कदी मनातच आलं न्हवतं. मला वाटायचं, सगळ्यांनाच कळतं.

१२ जानेवारी, शनिवार, सकाळ

उजाडताच दोघी वड्यावर. सुनीनं टोपली काढली, मधला एक काप घेतला, बुडातला एक. म्हनली, "मी लावते."

म्हनलं, मी जिती हाय गं.

"म्हनूनच. मेल्यावर कुनाला इचारू?"

मी डोळं मिटलं. सासू कशी उभी ऱ्हायची ते आठवत बसले, आन् जमंल तसं सांगितलं. टोकाला न्हाई, आत लाव. लगीच बोलू नको. पयल्यांदा लागंल तो राखंचा कडूपना, तो सोडून दे. लाळ येऊ दे. मंग मागनं, घशाजवळ, कायतरी वर येतं. चुरचुर न्हाई, दुखत न्हाई. कुनीतरी बारकं चिमटा काढल्यावानी. ते आलं तर कंद पान्यात. न्हाई आलं तर हां.

मधल्या कापाला म्हनली, न्हाई येत. बुडातला लावला. डोळ्यात पानी आलं, थंडीचं का कशाचं.

"हितं कायतरी हाय आजी. पर हे तेच का? का मला भ्या वाटतंय म्हनून लागतंय?"

"मला काय ठावं बाळा."

मंग दोघींनी टोपली निवडली. वरलं काप एका भांड्यात, बुडातलं दुसऱ्यात. वरल्यातलाबी एकेक ती लावत ऱ्हायली, किती लावनार, जीभ सुन्न पडली म्हनली. बुडातलं वड्यातच ठिवून आलो. मॅ. ना काय सांगायचं, स्टेजवर कोन लावनार, ती काय वाचनार, ह्यातलं कायच बोलनं झालं न्हाई. लुगडं नेसले. तिनं केस इंचरले, तिचंबी आन् माझंबी.

जीप आलीया, खाली हारन वाजवत्यात. भांडं शालीत गुंडाळलंय. हौसा दारात उभी, कायतरी इचारतीया, मला ऐकू येईना. सुनी अंगनात पाठमोरी हाय. शेवटचा एक काप तोंडात धरलाय तिनं, आन् आजून गिळलेला न्हाई. मी हितं लिवत बसलीया, कारन तिच्याकडं बघवत न्हाई.