आडव्या पट्टीतलं पत्र

आई, दादाने तुझं शेवटचं पत्र बघायला मागितलंय. व्हिडिओ कॉलवर अगदी सहज म्हणाला, "ते पत्र तुझ्याकडे असेलच ना गं? तुझं कामच आहे पत्रं जपायचं. फोटो पाठव की. ती आडवी पट्टी तेवढी पाठव, बाकीचं नको." मी म्हटलं, "हो, रविवारी पाठवते," आणि आवाज नीट येत नसल्याचं नाटक करून फोन ठेवला. त्यानंतर दोन रविवार गेले. दादा आता साठीच्या पुढे आहे, डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय, आणि त्याचा स्वभाव तुला माहीत आहे. तो एकदाच मागतो, पुन्हा विचारत नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, निदान मलाही ओरडता आलं असतं.

तू गेलीस तेव्हा मी इथे परदेशात अजून शिकतच होते, त्यामुळे मी पुढे काय करायला लागले हे तुला कधी कळलंच नाही. मी ट्रॉय नावाच्या गावात राहते आणि तासभर ड्राइव्ह करून विद्यापीठाच्या दप्तरखान्यात जाते. इथले आपले लोक एकतर गाड्यांच्या कंपनीत, नाहीतर आयटीत. गणपतीला कोणी काकू विचारतात, "तू कशात आहेस गं?" मी म्हणते, "जुनी पत्रं दुरुस्त करते." मग त्या माझ्याकडे दयेने बघतात आणि पानात आणखी एक मोदक वाढतात. सध्या माझ्याकडे व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका इंग्लिश कादंबरीकार बाईंची पत्रं आहेत, बहिणीला लिहिलेली. मी त्यांना 'आमच्या बाई' म्हणते. दाढ दुखतेय, स्वयंपाकीण उलट बोलते, थंडीने बोटं वळत नाहीत, असलंच सगळं. कागद भरला की त्या तोच कागद फिरवून आधीच्या ओळींवरून उभ्या ओळी लिहायच्या. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं आणि मग रडू आलं, कारण तूही पत्राचा एक कोपरा मोकळा सोडायची नाहीस. निळ्या एअरोग्रामवर, त्या दुमडून चिकटवायच्या टपालाच्या कागदावर, आधी पाऊस, आजारपणं, कोणाचं लग्न ठरलं, शेजारच्यांची म्हैस. आणि जे खरं सांगायचं असेल ते सगळ्यात शेवटी, दुमडायच्या पट्टीवर, आडवं. बाबांना पहिला झटका आला तेही मला आडव्या पट्टीतच कळलं होतं.

त्या बाईंनी एका पत्राखाली लिहिलंय, वाचून झालं की जाळून टाक. बहिणीने जाळलं नाही. आता आम्ही त्याच पत्रासाठी खोलीतली ऊब आणि ओल दिवसरात्र मोजून ठेवतो आणि हात धुतल्याशिवाय त्याला शिवत नाही. तूही लिहायचीस, वाचून फाडून टाक, कोणाच्या हाती लागायला नको. मीही नाही फाडलं. लेकी आणि बहिणी ऐकत नाहीत, सगळीकडे सारखंच.

आणि गंमत ऐक. फाटलेली पत्रं आम्ही कशाने जोडतो माहितेय? चिकाने! तुझ्या कुरडयांच्या गव्हाच्या चिकाने. खोटं नाही सांगत. इथे तो पांढऱ्या पुडीतून येतो, पण पाण्यात भिजवून, मंद आचेवर सतत ढवळत शिजवायचा तो तसाच. पांढरा असतो, मग हळूहळू काचेसारखा होतो आणि घोटायला जड जातो. पहिल्या दिवशी आमच्या प्रमुख बाई मला शिकवत होत्या, हात कसा फिरवायचा, गुठळी कशी मोडायची. मी पळी घेतली आणि सरसर घोटून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तू हे आधी कुठे शिकलीस?" मी म्हटलं, "स्वयंपाकघरात." त्यांना तो विनोद वाटला. त्या वासाने मात्र मला तिथे उभं राहवेना. उन्हाळ्याची सुट्टी, मागच्या दारी तिसऱ्या दिवसाचे आंबलेले गहू, तू पदर खोचून चीक गाळतेयस, आणि दादा व मी वाट्या घेऊन बसलोय, गरम चिकात दूध-साखर घालून खायला. मी नऊ-दहा वर्षांची असेन. खाली चीक बसायच्या आतच मी वरचं पाणी ओतून टाकलं, तुला मदत म्हणून, आणि अर्धा चीक मोरीत गेला. तू मारलं नाहीस. नुसतं म्हणालीस, "निवळू द्यायचं असतं गं आधी. तुला मेलीला कसली एवढी घाई?" त्या वर्षी कुरडया निम्म्याच झाल्या आणि दादाने त्याच्या वाटणीच्या मला दिल्या. हे तुला माहीत नव्हतं.

तो दादा बाबांच्या वर्षश्राद्धाला आला नाही. वहिनी बाळंतीण होती, बाळ काचेच्या पेटीत होतं, त्याने फोन केला होता, सगळं खरं. पण तू म्हणालीस, "थोरल्याने पिंड द्यायचा असतो, मी भावकीला काय तोंड दाखवू?" आणि त्यानंतर सव्वा वर्ष तू त्याच्याशी बोलली नाहीस. तुम्ही दोघं एकाच मातीचे. तो दारापर्यंत यायचा, तू आतून कडी काढायची नाहीस, तो पायरीवर फळं ठेवून जायचा. मला तुझा राग यायचा आई. आजही येतो. मग तुझं ते शेवटचं पत्र आलं. माझी परीक्षा होती. मी मधलं पान वाचलं, म्हैस व्यायली, कैऱ्या खूप आल्या. पट्टी सावकाश वाचू म्हणून तशीच दुमडलेली ठेवली, कारण तुझी पट्टी वाचल्यावर माझा अभ्यास व्हायचा नाही. आठ दिवसांनी तू गेलीस.

तेराव्याला सगळे पांगल्यावर दादा माझ्या शेजारी येऊन बसला. डोकं केलेलं, एकदम लहान दिसत होता. म्हणाला, "तुला पत्र आलं होतं ना तिचं? माझ्याबद्दल काही होतं का गं?" त्याच्या तोंडाकडे बघून मी म्हटलं, "होतं. पट्टीत लिहिलं होतं. त्याला म्हणावं, राग धरू नकोस, मीही धरलेला नाही." तो उठला आणि बायकांसारखा मोठ्याने रडला. तेव्हापासून तो त्या एका वाक्यावर जगतोय. लेकीच्या लग्नात त्याने ते सगळ्यांसमोर सांगितलं. आणि मी त्यातलं एक अक्षरही वाचलेलं नव्हतं.

इथे परत आल्यावर वाचायचं म्हटलं तर हात होईना. वाचलं नाही तोवर तुझं काहीतरी बोलायचं राहिलंय असं वाटायचं. पत्र डब्यात राहिलं, कागद पिवळा पडला, घड्या उसवायला लागल्या. सहा वर्षांपूर्वी ठरवलं, आधी ते नीट करायचं आणि मग वाचायचं. घरची वस्तू कामावर न्यायची नाही असा आमचा नियम आहे, म्हणून घरीच, किचनच्या ओट्यावर ट्रे मांडला. कागद पाण्यात घालण्याआधी शाई तपासतात, टोकावर एक थेंब टाकून, टिपकागद दाबून. आमच्या बाईंच्या पत्रावर जितक्या शाया असतील तितक्या ठिकाणी मी तपासते, तेव्हा माझ्यासारखी काटेकोर बाई दुसरी नसेल. तुझ्या पत्रावर एकदाच तपासलं, मधल्या पानावर. बॉलपेन होतं, जरासुद्धा हललं नाही. पट्टीकडे मी बघितलंच नाही, कारण बघितलं असतं तर वाचलं गेलं असतं, आणि मला ते शेवटी, नीट बसून वाचायचं होतं. पत्र पाण्यात सोडलं. पट्टी आपोआप उलगडली आणि तिच्यातून निळं निळं पाणी यायला लागलं. मी दोन्ही हात घातले, उचललं, टिपकागद दाबला, "अगं थांब, थांब" असं मोठ्याने ओरडले. माझी मुलगी धावत आली. म्हणाली, "आई, व्हॉट हॅपन्ड?" ट्रेमधलं पाणी मी दोन दिवस ओतलं नाही. निवळू दिलं. खाली काहीही बसलं नाही.

बॉलपेन संपलं असणार आणि तू शाईचं पेन घेतलंस. घरात शाईचं पेन एकच होतं, दादाचं, मॅट्रिकला बक्षीस मिळालेलं. तू ते कोणाला हात लावू द्यायची नाहीस. सव्वा वर्ष त्याच्याशी बोलत नव्हतीस आणि पट्टी लिहायला त्याचं पेन काढलंस, म्हणजे? म्हणजे काहीच नाही. हाताशी दुसरं पेन नसेल. मी सहा वर्षं या पेनावरून स्वतःला काय काय समजावलंय ते तुला कळलं तर तू हसशील.

आज सकाळी मी फोटो पाठवला. तुझं अक्षर मला काढता येतं, तसा कागदही मिळाला असता, आणि तो विचार माझ्या मनात आला हे तुझ्यापासून कशाला लपवू? पण फाटलेला कागद जोडायचा, गेलेला शब्द भरायचा नाही, एवढं एकच मी इथे शिकले आहे. खिडकीत धरून कोऱ्या पट्टीचा फोटो काढला, खाली काही लिहिलं नाही आणि पाठवून दिला. मग फोन उलटा ठेवून भांडी घासली. तासाभराने दादाचा फोन आला. मी सांगायला तोंड उघडलं, "दादा, ऐक ना," तर तो म्हणाला, "वाचलं गं. फिकट झालंय जरा, पण वाचता आलं. अगदी तू सांगितलंस तसंच आहे." मग म्हणाला, "आता हे कोणाला दाखवत बसू नकोस. ठेवून दे." त्याच्या डोळ्यांना खरंच दिसलं, की त्याला सगळं कळलं आणि त्याने पुन्हा एकदा त्याच्या वाटणीचं मला देऊन टाकलं, हे मी विचारलं नाही. वहिनीने मागून चहाला हाक मारली आणि त्याने फोन ठेवला.

एक गोष्ट राहिली. कामावर आमच्याकडे एक दिवा आहे, जांभळ्या उजेडाचा. धुऊन गेलेली शाई पुष्कळदा त्याच्याखाली दिसते. आमच्या बाईंच्या दोन ओळी मी तशाच वाचल्या आहेत. तो माझ्या टेबलापासून दहा पावलांवर आहे. घरची वस्तू आणायची नाही, हा नियम मी सहा वर्षं स्वतःला ऐकवतेय, आणि प्रमुख बाईंना विचारलं असतं तर त्यांनी एका मिनिटात परवानगी दिली असती. मी विचारलंच नाही, आई. पट्टीत दादाचं नावच नसेल, अशी मला भीती वाटते.