घडी पडलेली नोट

क्रानबाख, ९ नोव्हेंबर १९२०

प्रिय रूपर्ट,

प्रिय लिहायची आईने लावलेली सवय आहे, म्हणून लिहिलं. मनात काय आहे ते पुढे वाच.

बाबांनी पाठवलेली पन्नास हेलरची नोट तू परत पाठवलीस. वर लिहिलंस, ‘घडी पडलेली संग्रहाला चालत नाही, पुठ्ठ्यात घालून कोरी पाठवा.’ बाप आहे तो तुझा, दुकानदार नव्हे.

नाणी मिळेनाशी झाली, तेव्हा सगळ्या गावांसारख्या आपल्या गावानेही नोटा काढल्या. बाबांनी जन्मभर खानावळींच्या पाट्या रंगवल्या. नगराध्यक्ष स्वतः घरी आला, म्हणाला, ‘विन्झेन्झ, चित्र तूच काढायचंस.’ बाबा आठवडाभर ताठ मानेने फिरत होते. त्यांची नजर जातेय, हे तुला उन्हाळ्यातच कळवलं होतं. भिंग घेऊन, नाक कागदाला टेकवून त्यांनी चित्र पुरं केलं. छापलेली पहिलीच नोट घडी करून आतल्या खिशात ठेवली, रविवारी चर्चला नेली आणि मग तुला धाडली.

तुझं पत्र मीच वाचून दाखवलं, मूर्खासारखं, शेवटपर्यंत. ते चिडले नाहीत. ‘बरोबर आहे त्याचं, वस्तू नीट द्यावी,’ एवढंच म्हणाले. मी गोठ्यातून परत येते तर बाबा चुलीवर इस्त्री तापवून नोटेची घडी मोडताहेत. कोऱ्या नोटा गावात ढिगाने पडल्यात, पण त्यांना तीच पाठवायची होती. नोट करपली, दोन बोटंही भाजली. माझं डोकं असं फिरलं की तुझा तो अल्बम समोर असता तर चुलीत घातला असता.

तीनशे गावांच्या नोटा आहेत म्हणे तुझ्याकडे. त्यांतलं एक तरी चित्र धड बघितलंस का? ती नोट सोबत ठेवलीय. करपलंय ते वरचं आभाळ. खाली होडीतून एक माणूस उतरतोय, हातात दोरी बांधलेली पेटी, डावा पाय ओढत. लष्करी इस्पितळात बाबा तुला भेटायला आले, तेव्हा तू असाच चालत होतास. लढाई संपून दोन वर्षं झाली, तू व्हिएन्नाहून घरी फिरकला नाहीस. म्हणून त्यांनी तुला कागदावर आणलं.

रोज विचारतात, ‘ओळखलं का गं त्याने स्वतःला?’ आजवर मी विषय टाळला, आता टाळणार नाही. नाताळनंतर त्यांना फक्त उजेड आणि अंधार कळेल, असं डॉक्टर म्हणतात. उत्तर लिहू नकोस, तेही मलाच वाचावं लागेल. होडीने ये. बाबा दुपारी धक्क्यावर बसतात. चेहरे दिसत नाहीत, पण चालण्यावरून माणूस अजून ओळखतात.

चिडलेली, तरी तुझीच,
वाल्बुर्गा