फ्लोराइड नसलेलं गाव

४ मे २०१६
चौसाळ्याहून जीपनं आत. गाव भिकार. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, त्यानं दात-हाडं खराब होतात म्हणून सोसायटीचे चेअरमन सुंदरराव यांना फिल्टर प्लांट हवाय. मंजुरी माझ्या रिपोर्टवर. एम.एस्सी. व्हायच्या आधीच अख्खं गाव माझ्या हातात! रिस्क असेसमेंट कशाशी खातात हे इथं कुणाला ठाऊक नाही. माझ्या गाईड मॅडम म्हणतात, सॅम्पल थेट बोअरवरून काढ. मॅडमचं काय जातंय, त्या एसीत.

५ मे, दुपार
बोअर टेकाडामागं. ऊन मरणाचं. उद्यापासून पहाटे पाचला उठणार.

६ मे
नऊला उठलो. पण आयडिया सुचली. माणूस पितो तेच मोजायचं ना? मग घरोघरी बसायचं आणि समोर आलेल्या तांब्यातून बाटली भरायची. लोक कौतुकानं बघतात. अडाणी.

७ मे
मुक्काम छबुबाईकडे. मला थंडगार, गोड पाणी देते, स्वतः कोपऱ्यातल्या घागरीतलं पिते. जुनाट खोडी. तिची नात मनकर्णा. दात तपकिरी, त्यापायी सोयरीक मोडली म्हणे. ब्रश करत जा म्हटलं. फुकट सल्ला दिला, तर चहासुद्धा विचारला नाही.

१६ मे
लॅबचा रिझल्ट. फ्लोराइड नाहीच! सगळ्या घरांत आकडा सारखा. याला म्हणतात टेक्निक. गाव लबाड, फुकटचा प्लांट लाटायला निघालं होतं. तसा रिपोर्ट ठोकला.

६ जून
प्लांट नामंजूर. मॅडमचा फोन. सॅम्पल कुठून घेतले विचारलं, अभिमानानं सांगितलं. मग म्हणाल्या, सुंदररावांशी बोलणं झालंय. तू येणार म्हणून सोसायटीनं घरोघर विकतच्या पाण्याचे जार दिले होते. दुष्काळात पाहुण्याला बोअरचं पाणी कोण पाजतं? बाटल्या भरताना लोकांना वाटलं, वाटेत प्यायला नेतोयस. रिपोर्ट मागे घे, नव्यानं सॅम्पल काढ, नाहीतर डिग्री विसर.
चूक गावाची. तांब्यावर लेबल लावायला काय झालं होतं?

९ जून
परत छबुबाईच्या ओट्यावर. तांब्या आला नाही. मनकर्णा तोंडाला ओढणी लावून आत गेली. शेवटी मीच पाणी मागितलं.
छबुबाई म्हणाली, "जार पाहुण्याला असतंय. तुमी आता पाहुणे न्हाईत. बोअर टेकाडामागं हाय."
अखेर गावानं मला घरचं मानलं. बाटल्या घेऊन निघालोय. घसा लई कोरडा पडलाय.