आफ्रिका चेअरमनच्या दारात

बुध., ३ ऑक्टो. २०१८, स. ११.४०
वेळ शाळेच्या घड्याळात बघून लिहिली. माझी सातही लाकडी खंडं टेम्पोत घालून नेली. दूध सोसायटीचा सेक्रेटरी आला, कपाटामागून उचलली, गेला. मु.अ. उभे. का दिलीत? "चेअरमनसाहेबांचा फोन होता, मॅडम." सोसायटीचे चेअरमन तेच, शाळेचेही तेच. कशाला नेली, तर टँकरचं पाणी साठवायच्या ड्रमना झाकणं म्हणून!

गुरु., ४
रिटायर झाल्यावर पाऊण इंची प्लायवूडमधून सुताराकडून कापून घेतली होती ती. रंग आठवीच्या पोरींनी दिला. द. अमेरिकेचा फुगवटा आफ्रिकेच्या खोबणीत, युरोप-आशिया मिळून एक तुकडा, भारत सुटा, आफ्रिका-अंटार्क्टिकाला चिकटून. सगळं एक. मग पोरींनीच एकेक खंड ओढून दूर न्यायचं. पुस्तकात खंडं सरकण्याचा हा धडा दुसऱ्या सत्रात. तोवर निम्मा वर्ग आईबापांमागे उसाच्या फडात. म्हणून दरवर्षी दसऱ्याआधी जाऊन आठवीचा हा एक तास मी घेते. यंदा पाऊस नाही, म्हणजे निम्म्याहून जास्त जाणार.

शुक्र., ५
चेअरमनकडे गेले. ओट्यावर चार टाळकी. खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाले, "बाई, तुमीच म्हणता ना खंडं सरकत्यात? सरकली की आमच्या दारात!" चौघं हसले. एकजण, "जमीन आपुआप सरकती तर आमी बांध कावून कोरायचा?" पुन्हा हसले.
दारात निळा ड्रम, त्यावर आफ्रिका. मागे सिमेंटच्या दोन टाक्या आहेत, झाकणासकट.
मी सांगितलं, भारत तुटून उत्तरेला सरकत असताना इथे लाव्हा ओतला गेला. तोच काळा दगड आपल्या खाली आहे. तुमचे बोअर कोरडे का गेले ते या धड्यात आहे, तळहातावर नारळ उभा करून पाणी दाखवणाऱ्याकडे नाही. हसणं थांबलं. चहाचा आग्रहही.

शनि., ६
सोसायटीत बघून आले. भारत टाकीच्या स्टँडच्या पायाखाली, डगमगू नये म्हणून. ऑस्ट्रेलियाला मधोमध भोक, पाइप घालायला. बाकीची सोसायटीच्या ड्रमांवर. द. अमेरिकेचा पत्ता नाही.

सोम., ८
मिळाली. आठवीतल्या संगीताच्या घरी. तिच्या आईनं पदरानं पुसून हातात दिली. "न्या बाई. सोसायटीतनं दिलती. पर मंग काय झाकू? टँकर आठ दिसानं येतो. धाकटीला डेंगू झालता, लई हाल झाले."
संगीता म्हणाली, "बाई, हिच्या पोटाला आफ्रिका लागती ना?"
तुला कुणी सांगितलं?
"ताईनं. भाकर मोडून दाखवलं."
ही ताई दोन वर्षांपूर्वी माझा तास करून फडात गेली. आली ती लग्न ठरवूनच. पुढची शाळा...
झाकण होतं तिथे ठेवलं आणि निघाले. हिच्याकडून काढून घेऊन शिकवायचं, एवढी मी अजून...

गुरु., ११
काल घट बसले. घटातलं पाणीही टँकरचंच.
मु.अ. म्हणतात, "जाऊ द्या मॅडम, फळ्यावर काढा." फळ्यावरचं खंड ओढून दाखवा म्हणावं. पत्र लिहिलं. नक्कल इथे:

मा. चेअरमन यांस,
शाळेतून सात खंडं न विचारता नेलीत. पाणी उघडं ठेवा असं माझं म्हणणं नाही. सोसायटीनं झाकणं विकत आणावीत. पहिलं संगीताच्या घरी पोचवावं, मगच तिथली द. अमेरिका उचलावी. तुमच्या दारातली आफ्रिका आजच पाठवता येईल, त्यासाठी ठरावाची गरज नाही. भोक पडलेलं, चेंगरलेलं आहे तसं चालेल.
माझा तास बुधवारी, दि. १७ ला आहे. गुरुवारी दसरा. त्यानंतर ही पोरं ट्रकमध्ये बसतील, आणि त्यातली किती परत वर्गात येतील हे तुम्हीही सांगू शकणार नाही, मीही नाही.
खंडं देणार की नाही? नसाल देणार तर कारण लिहा. तोंडी निरोप घेणार नाही. उत्तर लेखी, तुमच्या सहीनं, मंगळवार दि. १६, सायंकाळी ५ च्या आत.